बंडस्थानाला तुमचं नाव

वकीलसाहेब,

परवा बागेत तुमच्या शोकसभेत माईक बंद पडला. नगराध्यक्ष उभे राहून नुकतेच तुमच्या सांस्कृतिक योगदानापर्यंत आले होते. कर्ण्यातून खरखर आली आणि मग तीही थांबली. पुढचे सगळे उघड्या गळ्याने बोलले आणि सगळ्यांचं एकच झालं. वाक्य जोरात सुरू व्हायचं आणि पुटपुटत संपायचं. मी मागे शेवटच्या कडुलिंबाखाली उभा होतो, तुमच्या जागेवर. तिथपर्यंत एकाचंही क्रियापद पोचलं नाही. वकीलसाहेबांनी या गावाला नाटक... वकीलसाहेबांनी गोरगरिबांना न्याय... पुढे दिलं, मिळवून दिलं, का नाकारलं, कळायला मार्ग नव्हता. मला हसू फुटलं. ते दाबायला रुमाल तोंडाला लावला तर रडू आलं. शेजारच्या एका भल्या माणसाने मला खाली बसवलं आणि पाणी आणून दिलं.

हसण्याचं कारण मी त्याला सांगितलं नाही. ते कळणारा एकच माणूस होता आणि सभा त्याचीच होती.

तुम्ही नाटक बसवायचात ते नाटकाकडे पाठ करून. आम्ही ओट्यावर उभे आणि तुम्ही बागेच्या पार टोकाला, लिंबाच्या बुंध्याकडे तोंड करून खुर्चीत. "बघायला गाव येणार आहे, भई. मी ऐकायला आलोय," असं म्हणायचात. ऐकू आलं नाही की तुमची काठी वर जायची. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. राणीसावरगावच्या पलीकडच्या खेड्यातून आलेला, बागेमागच्या वस्तीत मावशीकडे राहणारा. घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकच्या वर्गापर्यंतही गेलं नव्हतं. तुम्ही मला घेतलं ते माझ्या आवाजासाठी. तो रानात जनावरांमागे ओरडून कमावलेला आवाज होता. पण पहिल्याच दिवशी तुमची काठी दर वाक्याला वर जायला लागली.

शेवटी तुम्ही उठून ओट्यापर्यंत आलात. "तू क्रियापद खातोस, भई. मराठीत सगळा फैसला शेवटच्या शब्दात असतो. राजानं त्याला, एवढं बोलून तू मोकळा झालास, तर मागं बसलेल्या म्हातारीनं काय समजायचं? मारलं का सोडलं?"

मी खाली मान घालून म्हणालो की आमच्याकडे मोठ्या लोकांसमोर शेवट जोरात बोलत नाहीत. हे मी विचार करून बोललो नव्हतो, तोंडातून निघून गेलं. तुम्ही काठी ओट्याला टेकवून ठेवलीत. मग म्हणालात की या ओट्यावर तरी बोलायचं, आणि परत आपल्या झाडाकडे निघून गेलात. आज पाथरीला शाळेत शिकवताना मी मुलांना शेवटच्या बाकापलीकडच्या भिंतीला ऐकू जाईल असं वाचायला लावतो. कुठून शिकलो ते त्यांना सांगत नाही. सांगायला हवं होतं.

बागेतला तो ओटा तुमच्या तोंडूनच मला कळला. निजामाच्या अमलात तो पोलिसांच्या बँडसाठी बांधला होता. गोल दगडी ओटा, लोखंडी खांब, वर पत्र्याची छत्री. शुक्रवारी संध्याकाळी बँड वाजायचा आणि तहसीलचे लोक खुर्च्या टाकून ऐकायचे. पुढे पोलीस ॲक्शन झाली, बँड गेला आणि ओटा लोकांच्या हाती आला. कुणीतरी मागे भिंत घातली आणि त्याचं व्यासपीठ झालं. गणेशोत्सवातले मेळे झाले, आमच्या वस्तीतल्या शाहिरांचे जलसे झाले, उरुसाच्या दिवसांत कव्वाल्या झाल्या, निवडणुकीची भाषणं झाली, आणि मग तुमची नाटकं. नाव मात्र बँडचंच राहिलं. लोकांच्या जिभेवर त्याचं ब्यांडस्टान झालं होतं. तुमचं म्हणणं असं की उर्दू दप्तर मराठीत उतरवताना एका कारकुनाला ते लिहिलेलं नीट लागलं नाही आणि त्याने सरळ 'बंडस्थान' असं लिहून टाकलं. तेव्हापासून सरकारी कागदावरही बंडस्थान.

तुम्हाला त्या कारकुनाचं फार कौतुक. कारण तुमचंही तसंच होतं. निजामाच्या अमलात सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं. मराठी बोलायचात झकास, पण लिहायला बसलात की उजवीकडून डावीकडे. संवाद उर्दू अक्षरांत लिहून आणायचात आणि वाचून दाखवायचात. मी ते बाळबोध लिपीत उतरवून घ्यायचो. कधी कधी तुमचंच अक्षर तुम्हाला लागायचं नाही आणि तुम्ही तिथल्या तिथे नवीन संवाद रचायचात. तो जुन्यापेक्षा बरा असायचा.

आणि मग विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या पावसाळ्यातली ती गंमत. गंमत म्हणायची का नाही, हे मला आजही ठरवता येत नाही. आपण नाटकाची हँडबिलं आधीच वाटली होती. खाली छापलं होतं, स्थळ बंडस्थान. जिल्हाभर वातावरण पेटलेलं, जमावबंदी लागलेली आणि ठाण्यात बाहेरगावाहून नवीन आलेले फौजदार. त्यांच्या हातात ते हँडबिल पडलं. बंड कुठे, कोण करणार, याची चौकशी करायला त्यांनी तुम्हाला बोलावून घेतलं. तुम्ही मला बरोबर नेलंत. तुम्ही निजामापासून सुरुवात केलीत. बँड, दप्तर, कारकून, सगळं सांगून झालं. फौजदारांना ते पटलं, पण जबाबदारी कोण घेणार. ते म्हणाले, वकीलसाहेब, नाटक तर आता होणार नाही, पण त्या जागेचं नाव तेवढं बदलून टाका.

तुम्ही टोपी सारखी केलीत आणि अगदी नम्रपणे म्हणालात, "साहेब, सध्या या जिल्ह्यात नाव बदला असं कुणाला म्हणू नका."

फौजदार आधी चमकले, मग हसायला लागले. मीही हसलो. ठाण्याच्या बाहेर आलो तेव्हा मावशी दारात उभी होती. आमच्या गावात आदल्या दिवशी काय झालं होतं, ते तिला तासाभरापूर्वी कळलं होतं. नामांतराच्या रागात आमचं घर जाळलं होतं. आई माणसांबरोबर शिवारातून चालत निघाली होती आणि कुठवर आली होती ते कुणाला ठाऊक नव्हतं. तुम्ही तसेच परत आत गेलात, फौजदारांशी बोललात आणि रिकाम्या हातांनी बाहेर आलात. तोवर मला वाटायचं की वकिलांना सगळं करता येतं. त्या हातांवरून कळलं की नाही येत.

आई सुखरूप पोचली. जाळपोळीची केस तुम्ही घेतलीत. तुमचं चारठाण्याकडचं घराणं, जमीनजुमला, नातीगोती सगळी समोरच्या बाजूची. तुमच्या चुलतभावाने तुमच्याकडचं जाणं-येणं सोडलं, हे मला फार उशिरा तुमच्या घरी काकूंकडून कळलं. केस चालली तशी चालली. गावातला एकही माणूस पाहिलं म्हणायला उभा राहिला नाही आणि आरोपी सगळे सुटले. ते सांगायला तुम्ही स्वतः आमच्या वस्तीत आलात. उंबऱ्याशी टोपी काढून हातात धरलीत. तुम्ही बोलायला सुरुवात केलीत आणि त्या दिवशी क्रियापद तुम्ही गिळलंत. आईला समजलं. ती म्हणाली, "तुमी आमच्या बाजूनं बोलले, साहेब. लय झालं. बसा, चहा ठिवते." तुम्ही बसलात. चहा प्यायलात. मी पुढे बी.ए. झालो तेव्हा पेढे घेऊन आधी तुमच्याकडे आलो, याचं कारण ती संध्याकाळ होती. नाटक नव्हे.

त्या दिवसापासून तुम्ही माझं नाव टाकून दिलंत आणि मला बी.ए. म्हणायला लागलात. काय बी.ए., कुठं होतास. या बी.ए., बसा. कोर्टात, बाजारात, बागेत, चारचौघांत. आईला त्याचा एवढा अभिमान की तीही शेजारणींना सांगताना आमचा बिये म्हणायची. मलाही आवडायचं. पुढे पुढे कधी कधी टोचायचं, पण आवडायचंच.

आपलं भांडण सुरू झालं ते बंडस्थानाच्या दुरुस्तीनंतर. नवी फरशी बसली, दिवे लागले आणि आता जागेला चांगलंसं नाव द्यावं असं सगळ्यांना वाटायला लागलं. एका बाजूने मुक्तिसंग्रामातल्या एका पुढाऱ्याचं नाव आलं. आमच्या वस्तीतून किसनबा शाहिरांचं नाव मी सुचवलं. किसनबा मला थोडे आठवतात. वाकलेले, गळ्याशी मफलर. पण त्यांची गोष्ट वस्तीत प्रत्येकाला पाठ. पोलीस ॲक्शननंतर पहिला जलसा बागेत झाला तेव्हा राखणदाराने त्यांना ओट्यावर चढू दिलं नाही. सरकारी जागा आहे, खाली गवतावर गा, म्हणाला. मेळेवाले आदल्या आठवड्यात वर चढले होते. किसनबांनी वाद घातला नाही. एक पाय पायरीवर ठेवला, एक खाली, आणि तसंच उभं राहून सगळा जलसा गायला. पुढच्या जलशाला त्यांना कुणी अडवलं नाही.

मी अर्ज घेऊन तुमच्याकडे आलो. तुम्ही तो वाचायला सांगितलात, ऐकलात आणि म्हणालात, फार कच्चा आहे. मग स्वतः सांगून नवीन लिहून घेतलात. इतका पक्का, इतका देखणा अर्ज नगरपालिकेने त्याआधी पाहिला नसेल. आणि ज्या सभेत तो वाचला गेला त्याच सभेत उठून तुम्ही त्याला विरोध केलात. मी सुन्न. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात की वकील म्हणून लिहिला, माणूस म्हणून विरोध केला, आणि दोन्ही इमानदारीनं.

मी किती दिवस तुमच्याशी बोललो नाही. मग एका संध्याकाळी तुम्ही निरोप धाडलात आणि आपण ओट्याच्या पायरीवर बसलो.

"हे एकच नाव या गावात चुकून पडलंय," तुम्ही म्हणालात. "कुणी दिलेलं नाही, कुणाच्या जातीचं नाही. तिथं शाहीर चढतो, कव्वाल चढतो, मेळा चढतो. आपण कुणाच्या घरात चाललो, असं कुणी विचारत नाही."

"साहेब, आमी विचारतो," मी म्हणालो. "अजून."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी थांबलो नाही. म्हणालो, चुकून पडलेलं नाव तुम्हाला गोड वाटतं, कारण तुमची बाकीची सगळी नावं ठरवून पडलेली आहेत. गल्लीला तुमच्या आजोबांचं नाव, विहिरीला तुमच्या पणजोबांचं. आमचं नाव कुठे आहे ते दाखवा. आणि मला तरी माझ्या नावाने तुम्ही शेवटची हाक कधी मारली, सांगा.

 तुम्ही रागावला नाहीत. घरी जाताना वाटेत एवढंच म्हणालात की दलील चांगली आहे, पण मला उत्तर सापडेल. दुसऱ्या दिवशी बाजारात तुम्ही मला माझ्या नावाने हाक मारलीत. ती इतकी परकी वाटली की मी वळून पाहिलंच नाही. तुम्ही ती गोष्ट सगळ्यांना सांगत सुटलात. बघा, नाव दिलं तर ओ देत नाही.

मग वर्षानुवर्षं तेच चाललं. नगरपालिकेत दोन्ही नावं पुढे यायची आणि दोन्ही पुढच्या सभेवर जायची. आपण पायरीवर बसून त्यावर भांडायचो. मी पाथरीला नोकरीला लागलो, लग्न झालं, मुलगी झाली. सुट्टीत एस.टी.तून उतरलो की आधी बागेत. तुम्ही तिथे असायचातच. नाटकं कमी झाली. टीव्ही आला, मुलं क्रिकेटला गेली. मग तुम्ही कुणाला न बसवताही झाडाखाली बसायला लागलात, तीच खुर्ची, तीच पाठ. मी ओट्यावर उभा राहून काहीतरी बोलायचो, तुमची काठी वर जाते का ते बघायला. बहुधा जायची.

गेल्या जानेवारीत विद्यापीठाचं नामांतर झालं. आमची वस्ती निळे झेंडे घेऊन बंडस्थानावर जमली. म्हाताऱ्या बायका रडत होत्या. तुम्ही आजारी, डॉक्टरांनी बाहेर पडायला बंदी केलेली, तरी रिक्षा करून आलात. आईने तुम्हाला पेढा दिला. साखरेची बीमारी असून तुम्ही तो अख्खा खाल्लात. मी विचारलं, साहेब, झालं ना समाधान. तुम्ही म्हणालात, जुनं नाव ठेवलं, नवं जोडलं, ही तडजोडीची डिक्री आहे, भई. पण डिक्री ती डिक्री. मग माझा हात धरून रिक्षात चढलात आणि चढता चढता म्हणालात:

"आपलं बंडस्थानाचं राहिलंय, बी.ए. माझं थोडं बदललंय. बरं वाटलं की बसू एकदा."

मी म्हणालो, बसू. रिक्षा निघून गेली.

वकीलसाहेब, काय बदललं होतं? तुम्ही गेल्यापासून मी दुसरा विचारच करू शकलो नाही. किसनबांचं नाव तुम्हाला पटलं होतं का? का त्या पुढाऱ्याचं? का दोन्ही नावं जोडायची तडजोड तुमच्या डोक्यात आली होती? का नवीन दलील सापडली होती, जिने मी कायमचा गप्प झालो असतो? तेव्हाच रिक्षा थांबवून विचारता आलं असतं. पण तुमचा चेहरा दमलेला होता, आणि मला वाटलं वेळ आहे.

तुम्ही गेलात त्यानंतर चारच दिवसांनी नगराध्यक्षांनी मला बोलावून घेतलं. शोकसभेत ठराव मांडायचा आहे, बंडस्थानाला तुमचं नाव देण्याचा. सूचक ते स्वतः. अनुमोदन मी द्यावं. ते फार आपुलकीने बोलत होते. म्हणाले, गुरुजी, तुम्ही अनुमोदन दिलं की कुणाचं काही म्हणणं राहणार नाही. दोन्हीकडचे लोक राजी आहेत. इतक्या वर्षांचा वाद एका मिनिटात मिटतो. त्यांना त्यात काहीच खोट दिसत नव्हती. मीही दाखवू शकलो नाही. तुमचं नाव कुणाला नको होईल? मलाही हवंच होतं. नको होतं ते फक्त तुम्हाला.

बाहेर मावसभाऊ सुदाम सायकल धरून उभा. त्याला बातमी आधीच लागली होती. तो म्हणाला, "किसनबा इतकी वर्षं थांबला, गुरुजी. वकीलसाहेब तेरवीपातूर बी थांबायले न्हाईत." मी म्हणालो, अरे, ते कुठे थांबले नाहीत, लोक थांबत नाहीत. तो म्हणाला, तेच म्हणायलोय मी. सायकलवर टांग मारली आणि गेला. घरी आईला सांगितलं. तिने दाणे निवडता निवडता ऐकलं. "दे की. मानूस चांगलं व्हतं," म्हणाली. आणि थोड्या वेळाने, मी उठून दारापर्यंत गेल्यावर, "पन किसनबाचं बी इचार कुनाला तरी."

मी विचारायला काकूंकडे गेलो. काकू तुमच्या खोलीत खाली बसल्या होत्या, पुढ्यात तुमचे काळे कोट. मी त्यांना सगळं सांगितलं. तुम्हाला नाव नको होतं, हेही सांगितलं. शेवटी तुमचं काहीतरी बदललं होतं, ते त्यांना ठाऊक आहे का, विचारलं.

"मला कुठं काय सांगायचे हे," काकू म्हणाल्या. "बी.ए. आला की बोलतो, म्हणायचे." मग त्या कोटाच्या बाहीवरून हात फिरवत राहिल्या. "त्यांना नको होतं, मला माहीत आहे. तुमची भांडणं मी काय कमी ऐकली? पण आता घरात त्यांच्या आवाजाचं काही राहिलं नाही रे. नाव लागलं तर संध्याकाळी बागेत जाईन, वाचून येईन. तेवढं तरी होईल. तू दे अनुमोदन."

तुम्ही असतात तर त्यांना काय म्हणाला असतात? मला वाटतं, काहीच नाही.  पाया पडलो आणि आलो.

तरी मी एक ठरवलं होतं. अनुमोदन द्यायचं, पण त्याबरोबर किसनबांचं नावही घ्यायचं. दोन्ही नावं शेजारी शेजारी लावा, एवढं म्हणायचं. तुमचंही कदाचित तेवढंच बदललं असेल, अशी मनाची समजूत घातली. अध्यक्षांचा ठराव माईकविना कुणाला ऐकू गेला नाही. मग त्यांनी माझं नाव घेतलं. मी त्या झाडाखालून उठलो, गर्दीतून पुढे गेलो, ओट्यावर चढलो. तुमचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं. समोरच्या निम्म्या लोकांनाही ते नवीनच होतं, सगळ्यांना तुम्ही वकीलसाहेबच. आणि मग मी, तुम्ही शिकवलं तसं, पोटातून आवाज काढून म्हणालो, "यांच्या नावाला माझं अनुमोदन आहे."

'आहे' शेवटच्या लिंबापर्यंत गेलं. संध्याकाळभरात तिथवर पोचलेलं ते पहिलं क्रियापद होतं. लोक इतका वेळ काही ऐकू येत नसल्याने कंटाळले होते. त्यांना एकदम काहीतरी नीट ऐकू आलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मी 'पण' म्हणालो. दोनदा म्हणालो. टाळ्या थांबेनात. अध्यक्षांनी माझा हात हातात घेतला, पहिल्या रांगेत काकूंनी पदर डोळ्यांना लावला, आणि मागे गर्दीच्या कडेला सुदाम पाठ फिरवून निघालेला दिसला. टाळ्या थांबल्या तेव्हा सगळे दोन मिनिटं स्तब्ध राहण्यासाठी उभे राहिले होते. त्या शांततेत काय बोलणार?

काकूंचा चेहरा आठवला की वाटतं, बरं झालं. सुदामची पाठ आठवली की वाटतं, टाळ्यांवरून ओरडून तरी बोलायला हवं होतं. आणि तुमचा चेहरा मला आठवतच नाही, खरं सांगतो. तुम्ही त्या झाडाकडे तोंड करून बसलेले दिसता, आणि काठी वर जाते का खाली राहते, ते मला दिसत नाही. किसनबांचा अर्ज मी पुन्हा करणार आहे. एखादी भिंत, एखादं फाटक, काहीतरी त्यांच्या नावासाठी मागेन. तो पक्का करून द्यायला तुम्ही नाही. आणि उठून विरोध करायलाही कुणी नसेल, तो नुसता पुढच्या सभेवर जाईल.

आज सकाळी पाथरीला परतायच्या आधी बागेत गेलो. हमीद पेंटर शिडी लावून ओट्यापुढच्या कमानीवर तुमचं नाव काढत होता. अजून खडूच्या रेघाच होत्या. सुरुवातीला त्याने 'कै.' आखलं होतं. आमच्या बौद्धांत गेलेल्या माणसाला कालकथित म्हणतात. आई रोज संध्याकाळच्या वंदनेनंतर तुमचं नाव तसंच घेते. आणि तुम्ही तर म्हणायचात की कैलासाला मी मुळीच जाणार नाही, मला थंडी सोसत नाही. मी हमीदला म्हणालो, आधीचं ते अक्षर काढून टाका, नुसतं नाव लिहा.

"मग लोकाला वाटंल, जित्ते हाईत," तो म्हणाला.

"वाटू द्या."

हमीद माझ्याकडे बघत राहिला. त्याने तुमच्या नाटकांचे पडदे रंगवले होते, त्यालाही वाईट वाटत होतं. मग त्याने खिशातून घडी केलेला ठराव काढला आणि वरूनच माझ्यासमोर धरला.

"ठरावात कै. हाय, गुरुजी. ठरावापरमानं लिवावं लागतंय मला. खाली अनुमोदन तुमचंच हाय की."

शिडी ओल्या मातीत जरा हलत होती. त्याने डब्यात ब्रश बुडवला. मी दोन्ही हातांनी शिडी धरली.